कुंपणापलीकडचे इंदयाल

वसईला आमच्या वाडीच्या पश्चिमेस मेंदीचे कुंपण आहे. त्या कुंपणाला मध्येच एक खिंडार आहे, आणि ते कोणी कधी बुजवले नाही. पलीकडे एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंब राहते. दिवाळीच्या पहिल्या दिवशी आमच्या घरातून फराळाचे ताट त्या खिंडारातून पलीकडे जाते आणि नाताळात तेच ताट गोडधोडाने भरून परत येते. रिकामे ताट परत पाठवू नये, हा नियम दोन्ही घरी सारखाच आहे. माझ्या आईच्या वेळेपासून हा परिपाठ एकदाही चुकलेला नाही.

पण एक पातेले मात्र त्या खिंडारातून कधी आले नाही. नाताळाच्या दोन दिवस आधी पलीकडच्या परसात चूल पेटे. थोड्याच वेळात लसूण, मिरची आणि शिरका यांचा असा काही झणझणीत वास सुटे की आमच्या पडवीत बसलेल्या माणसाला ठसका लागावा. आई मुकाट्याने उठून पश्चिमेची खिडकी लावून घेई. आमच्या घरी मासळीला मज्जाव नव्हता. बोंबील, कोलंबी, सगळे चाले. पण डुकराचे मांस म्हणजे शब्दही तोंडातून काढायचा नाही. पलीकडच्या मावशींनाही ते ठाऊक होते. त्यांनी कधी विचारले नाही, आम्ही कधी मागितले नाही.

मी उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला कसा घेतला हे मी कित्येक वर्षे मुलांना रंगवून सांगितले. पण आमची पश्चिमेची खिडकी बंद का होते, हा प्रश्न माझ्या इतिहासात कधी आला नाही. तो उपस्थित केला माझ्या नातवाने.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो पुण्याहून आला होता. कुठल्याशा हॉटेलात त्याने ‘विंदालू’ खाल्ले होते, आणि त्यात बटाटे होते. “आजोबा, विंदालू म्हणजे बटाट्याचीच भाजी ना? नावातच आलू आहे!” फराळाचे ताट घेऊन आम्ही दोघे कुंपणाशी उभे होतो. मावशी पलीकडून हसल्या. “अरे बाळा, बटाटा कुठला त्यात! ते आमचं इंदयाल.”

‘विंदालू’ आणि ‘इंदयाल’ हे दोन शब्द शेजारी शेजारी ऐकताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पोर्तुगीज भाषेत ‘व्हिन्यो’ म्हणजे द्राक्षांची दारू आणि ‘आल्यो’ म्हणजे लसूण. मांस दारूत किंवा तिच्या शिरक्यात, भरपूर लसूण घालून मुरवत ठेवायचे आणि मग शिजवायचे, या पदार्थाला तिकडे ‘व्हिन्या द आल्योस’ म्हणतात. अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावर तो आजही नाताळाचा मानाचा पदार्थ आहे. हेच नाव गोव्यात येऊन विंदालू झाले, आणि वसई, साष्टी, वांद्रे इकडच्या मराठी जिभेवर त्याचा ‘व’ गळून इंदयाल झाले. पुढे ज्यांना पोर्तुगीज येत नव्हते पण हिंदुस्थानी येत होते, त्यांनी शेवटच्या ‘आलू’वर बोट ठेवले आणि बिचाऱ्या बटाट्याला त्यात ढकलले! खरे तर मराठी माणसाने ही चूक करायलाच नको होती. आपण आलू म्हणत नाही, बटाटा म्हणतो. आणि तो शब्दही पोर्तुगिजांकडूनच आलेला.

आता या पदार्थाचा प्रवास पाहा. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला तो मुख्यतः मिऱ्यांच्या ओढीने. १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकला, आणि १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगिजांना मिळाली. या मंडळींना आपल्या घरचे जेवण हवे होते, पण द्राक्षांची दारू युरोपातून यायची. ती महाग, आणि वाटेत आंबणारी. इथे मात्र किनाऱ्यावर माडच माड. माडाची सूर काढून ठेवली की ती आपोआप आंबते, आणि आणखी काही दिवस ठेवली की तिचा उत्तम शिरका होतो. द्राक्षाची जागा माडाने घेतली. मसाल्याची जागा इथल्या लवंग-दालचिनी-मिऱ्यांनी भरली. आणि त्यात एक नवीच पाहुणी येऊन मिसळली, ती म्हणजे मिरची.

मिरची आपली नव्हे, हे आज सांगितले तरी पुष्कळांना खरे वाटत नाही. ती अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या सफरींनंतर ती युरोपीयांना ठाऊक झाली आणि पोर्तुगिजांच्या व्यापारी वाटांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. ज्ञानेश्वरांच्या काळच्या स्वयंपाकघरात मिरची नव्हती. तिखटपणासाठी मिरे होते. मिरचीला नावसुद्धा आपण मिऱ्यावरूनच दिले. मिरे न्यायला आलेले लोक मिरची देऊन गेले, हा इतिहासातला एक गमतीचा सौदा आहे.

इथवरची कथा वाचताना रुचकर वाटते. पण त्या पातेल्यात आणखी एक गोष्ट शिजत होती, आणि ती रुचकर नाही.

पोर्तुगालमध्ये १४९७ साली यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा नवख्रिस्तींवर नजर ठेवण्यासाठी तिथे १५३६ साली आणि गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायपीठ, स्थापन झाले. माणूस मनाने काय मानतो हे कसे ओळखायचे? मग त्याचे ताट पाहायचे. डुकराचे मांस टाळतो का? शनिवारी चूल पेटवत नाही का? शेजाऱ्याचे स्वयंपाकघर हा पुरावा झाला. ‘कोलोकियुस’ हा वनौषधींवरचा प्रसिद्ध ग्रंथ गोव्यात १५६३ साली छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्याच्याकडे आपले मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते, तो अशाच यहुदी वंशातला. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याची हाडेसुद्धा थडग्यातून उकरून जाळली गेली.

आपल्या लोकांच्या ताटावरही हीच नजर होती. गोव्याचे अ. का. प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर १९६१ साली इंग्रजीत जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात १७३६ च्या फर्मानाची माहिती आहे. बाटलेल्या कुटुंबांनी हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये, दारी तुळस लावू नये, असले निर्बंध त्यात आहेत. भातात मीठ कधी घालायचे, हा धर्मपीठाचा विषय झाला! गोव्याच्या या न्यायपीठाचा हात आमच्या उत्तर फिरंगाणापर्यंत पोहोचत होता. शार्ल देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य पकडला गेला तो दमणला. त्याने आपली हकिगत १६८७ साली छापली, म्हणून जगाला ती कळली. हे पीठ मध्यंतरी चार वर्षे बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे उठले.

हे सगळे मला पाठ होते. पण इतिहासकाराला दुसऱ्याचा अपराध लवकर दिसतो. आमच्या वसईत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात: पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, आणि ते पाणी पिऊन गावेच्या गावे बाटली. गोष्ट जशीच्या तशी घडली की नाही, याचा निवाडा मी करत नाही. पण क्षणभर ती खरी धरली, तर पाव टाकणारे पाद्री होते हे कबूल; मात्र ते पाणी प्यायलेल्यांना परत घरात न घेणारे कोण होते? ते आपणच. डुकराच्या मांसाचेही तेच. एकाने ते न खाणे हा गुन्हा ठरवला, तर दुसऱ्याने ते एकदा खाणे हा कायमचा गुन्हा ठरवला. कुंपण दोन्ही बाजूंनी घातले गेले. आणि गंमत अशी की, तोच पाव आज आपण मिसळीबरोबर आवडीने खातो!

मी आणखी एक हिशेब केला. आमच्या घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी होते. तिच्यातला बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, हे तिन्ही मूळचे अमेरिकेतले; आज साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही तिथलाच. परदेशातून दर्यावर्दी आलेल्या या मंडळींना आपण उपासाच्या ताटात बसवले. आणि ज्या इंदयालात माड आपला, लसूण आपला, हळद आणि जिरे आपल्या डब्यातले, त्यासाठी खिडकी लावली.

१७३९ नंतर फिरंगी सरदार वसईतून निघून गेले; इथले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी मात्र राहिले. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव इंग्रजी, भाषा मराठी. लग्नात त्यांच्याकडे अजून उंबराचे पाणी आणतात. आणि सणाला इंदयाल करतात.

विंदालू तिकडे गोव्यातून जगभर गेले. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजी फौजा १८१३ पर्यंत गोव्यात तळ देऊन होत्या; त्यांना गोव्याच्या आचाऱ्यांच्या हातची चव लागली. ते आचारी पुढे इंग्रजांच्या बंगल्यांत आणि आगबोटींवर गेले. विलायतेत या पदार्थाला केवळ जाळ तिखटपणा उरला; १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी तर तिथे ‘विंदालू’ नावाचे गाणेच गाजले. मुरवण्यातली सबुरी मात्र वाटेत कुठेतरी सांडली.

नाताळापूर्वी एक दिवस मी धीर करून म्हटले, “मावशी, मला इंदयाल शिकवाल का?”

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. “मास्तर, तुमच्या घरी चालेल का?”

घरी सौ.ने ऐकून घेतले आणि म्हणाली, “ओट्यावर नको. परसात चूल मांडा. आणि खिडकीचं म्हणाल तर ती मी उघडीच ठेवीन.” यापेक्षा मोठी परवानगी मी अपेक्षिलीच नव्हती.

मावशींनी खुर्ची टाकून देखरेख केली. एक किलो मांस, चरबीसकट; “चरबी काढलीत तर मग भाजीच करा,” हा त्यांचा दम. पंधरा काश्मिरी मिरच्या, लसणाच्या वीस पाकळ्या, दोन बोटे आले, चमचाभर जिरे, अर्धा चमचा मोहरी, दहा मिरे, सहा लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे आणि अर्धा चमचा हळद. हे सारे अर्धी वाटी शिरक्यात वाटायचे; पाण्याचा थेंब लावायचा नाही. मीठ आणि चिमूटभर साखर घालून वाटण मांसाला चोळायचे आणि रात्रभर झाकून ठेवायचे. भांडे मातीचे किंवा स्टीलचे. कल्हई उडालेल्या पितळेला शिरका लागला की विष होते. सकाळी थोड्या तेलावर दोन कांदे परतून त्यावर मांस घालायचे आणि मंद आचेवर दीड तास शिजू द्यायचे. मांसाला स्वतःचे पाणी सुटते, मग चरबी सुटते, आणि शेवटी लाल तवंग वर येतो. आंबट शिरक्यात आणि मिठात किडीचे जंतू सहज वाढत नाहीत, वरून तवंगाचे झाकण. म्हणून दर्यावर्दी माणसांना हा पदार्थ सोयीचा.

चूल फुंकता फुंकता मी मनातले विचारून टाकले. “मावशी, याच अन्नावरून एके काळी माणसांची परीक्षा घेतली जायची. तुम्हाला ते कधी टोचत नाही?”

मावशींनी पळीने कड खरवडली. “कोणी काय लादलं ते तुम्ही पुस्तकात बघा, मास्तर. मला हे माझ्या आईनं शिकवलं, आईला तिच्या सासूनं. आई गेली त्या वर्षी मी केलं नव्हतं. घरात नाताळ आल्यासारखंच वाटलं नाही.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “तुमच्या आईंना वास सोसत नसे. मी वारा बघून चूल मांडायची. पण वारा काय, समुद्राकडूनच येणार.”

इतकी वर्षे एका घरची बाई वारा पाहत होती आणि दुसऱ्या घरची बाई खिडकी लावत होती. दोघींनीही एकमेकींना कधी बोल लावला नाही, आणि ताट कधी रिकामे गेले नाही. माझ्या टिपणवह्यांत हा इतिहास कुठेच नव्हता.

पातेले उतरल्यावर पहिला वाडगा भरून मीच खिंडारातून पलीकडे नेला. मावशींनी बोटाने चव घेतली, डोळे मिटले आणि निकाल दिला: “शिरका थोडा कमी पडलाय. आज खाऊ नका. उद्या बरं लागेल.”

दुसऱ्या दिवशी खरेच बरे लागले. सौ.ने खाल्ले नाही. पण वाढले तिनेच, आणि पश्चिमेची खिडकी उघडी होती.