शेवटचा हुकूम

होरेशिओ गेट्स जन्मानं इंग्रज. ब्रिटिश फौजेत घडला, १७७२ मध्ये व्हर्जिनियात स्थायिक झाला आणि अमेरिकन क्रांतीत वसाहतींच्या बाजूनं उभा राहिला. १७ ऑक्टोबर १७७७ रोजी साराटोगाला बर्गॉइनची अख्खी ब्रिटिश फौज त्याला शरण आली. तीन वर्षांच्या आत, साउथ कॅरोलिनातल्या कॅम्डेनजवळ, एका सकाळीत त्याची रणांगणावरची कारकीर्द संपली. त्या सकाळपर्यंतचा हा घटनाक्रम.

२५ जुलै १७८०
डीप रिव्हरच्या काठी गेट्सनं योहान दे काल्ब या जर्मन सेनानीकडून दक्षिणेच्या फौजेची सूत्रं घेतली. चार्ल्सटन मे महिन्यातच ब्रिटिशांच्या हाती पडलं होतं. वसाहतींच्या काँग्रेसनं ही नेमणूक सरसेनापती वॉशिंग्टनला न विचारता केली होती.

२७ जुलै
कॅम्डेनकडे कूच सुरू. शार्लटमार्गे जाणारा रस्ता लांबचा होता, पण मुलूख पिकाचा आणि लोक आपले. थेट वाट पाइनच्या ओसाड रानातून जात होती. अधिकाऱ्यांनी लांबच्या रस्त्याचा आग्रह धरला. गेट्सनं थेट वाट धरली. सैनिकांनी कोवळी कणसं आणि कच्चे पीच खाऊन दिवस काढले. रस्सा दाट व्हावा म्हणून अधिकारी त्यात केसांना लावायची पावडर घालत.

१३ ऑगस्ट
फौज कॅम्डेनच्या उत्तरेला रुजलीज मिल इथं पोचली. त्याच रात्री चार्ल्सटनहून ब्रिटिश सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस कॅम्डेनमध्ये दाखल झाला. (१७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला मराठ्यांच्या साथीनं टिपूला तह करायला लावणारा कॉर्नवॉलिस तो हाच.) गेट्सला त्याच्या येण्याचा पत्ता नव्हता.

१५ ऑगस्ट, दिवसा
ब्रिटिश रसद तोडण्यासाठी अमेरिकन बाजूच्या सम्टर या सेनानीनं कुमक मागितली होती. गेट्सनं ४०० माणसं आणि दोन तोफा दिल्या होत्या. त्यांतले १०० कसलेले मेरीलँडचे सैनिक होते.

रात्रीच्या कूचीचा हुकूम तयार झाला. गेट्सच्या हिशेबी फौज ७,००० होती. त्याच्या हाताखालचा अधिकारी ऑथो विल्यम्स याला आकडा खटकला. त्यानं प्रत्येक तुकडीची हजेरी मागवली आणि बेरीज गेट्सपुढे ठेवली: लढण्याजोगे ३,०५२. त्यांतही बहुतेक नवखी मिलिशिया, म्हणजे हंगामी नागरिक-सैनिक. आपल्या कामाला एवढे पुरेत, असं गेट्स म्हणाला. हुकूम तसाच राहिला.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ
कूचीआधी रम द्यायची, पण ती नव्हती. तिच्याऐवजी काकवी वाटली. अर्धकच्चं मांस, मक्याचं पीठ आणि वर काकवी. रात्रभर माणसं पोट धरून रांगेबाहेर पळत राहिली.

रात्री १०
गेट्स दक्षिणेकडे निघाला. त्याच वेळी कॉर्नवॉलिस कॅम्डेनहून उत्तरेकडे निघाला. रस्ता एकच होता. दोघांनाही ते माहीत नव्हतं.

१६ ऑगस्ट, रात्री सुमारे २:३०
काळोखात आघाड्या एकमेकींवर आदळल्या. थोडा वेळ गोळीबार झाला, मग दोन्ही बाजू मागे सरल्या. एका कैद्यानं सांगितलं: समोर कॉर्नवॉलिस जातीनं आहे. गेट्स थक्क झाला. त्यानं सेनानींना बोलावलं. निरोप घेऊन आलेल्या विल्यम्सला दे काल्बनं विचारलं, माघारीचा हुकूम दिला का? मसलतीत मात्र तो बोलला नाही. आता लढण्यावाचून गत्यंतर नाही, असं व्हर्जिनियाच्या मिलिशियाचा सेनानी स्टीव्हन्स म्हणाला. कोणी विरोध केला नाही.

पहाट
गेट्सनं उजवीकडे दे काल्बच्या हाताखाली कसलेल्या पलटणी ठेवल्या, मध्ये नॉर्थ कॅरोलिनाची आणि डावीकडे व्हर्जिनियाची मिलिशिया. ब्रिटिश आपल्या उत्तम पलटणी उजव्या बगलेला ठेवत. म्हणजे त्या नेमक्या मिलिशियासमोर आल्या. त्या फौजेत वर्षानुवर्षं चाकरी केलेल्या माणसाला हा रिवाज नवा नव्हता.

उजाडताना
शत्रू रांगा मांडतोय, तोवरच स्टीव्हन्सनं हल्ला करावा, असं विल्यम्सनं सुचवलं. गेट्सनं होकार दिला. त्या लढाईतला हा त्याचा शेवटचा हुकूम.

ब्रिटिश संगिनी रोखून पुढे आले. व्हर्जिनियाच्या बहुतेकांनी भरलेल्या बंदुका तशाच टाकून पळ काढला. पाठोपाठ मधली फळी फुटली. हवा पडली होती. धूर आणि धुकं जागचं हलत नव्हतं, त्यामुळे डावी बाजू मोकळी झाल्याचं दे काल्बला दिसलं नाही. त्याच्या पलटणी लढत राहिल्या. अकरा जखमा होऊन तो कोसळला आणि १९ ऑगस्टला कॅम्डेनमध्ये मरण पावला.

१६ ऑगस्ट, रात्र
पळणाऱ्यांच्या लोंढ्याबरोबर गेट्सही निघाला होता. रात्री तो सुमारे ६० मैलांवरच्या शार्लटला पोचला. १९ ऑगस्टला तो हिल्सबरोत होता: तीन दिवसांत सुमारे १८० मैल. उजव्या बगलेवर दे काल्बचं काय झालं, हे न पाहताच त्यानं रण सोडलं होतं.

त्यानंतर
ऑक्टोबरमध्ये काँग्रेसनं चौकशीचा ठराव केला. ती चौकशी कधी झालीच नाही. डिसेंबरच्या आरंभी शार्लटला नॅथनिएल ग्रीननं गेट्सकडून सूत्रं घेतली. लढाईचा बेत आखण्याआधी त्यानं दाणागोट्याची बेगमी पाहिली आणि माणसं पाठवून नद्यांचे उतार तपासून घेतले. जुलैत गेट्सच्या अधिकाऱ्यांचं मागणंही रसदीचंच होतं.