दोन याद्या शेजारी ठेवण्याची कुळकथा

आजाऱ्याच्या रक्तातल्या प्रथिनांची एक यादी केली, निरोग्याच्या रक्तातल्या प्रथिनांची दुसरी केली, की फरक आपोआप कळेल असं वाटतं. तो तसा कळत नाही. प्रोटिओमिक्स या शास्त्राचा बराच काळ या दोन याद्या शेजारी ठेवायच्या कशा, हे शिकण्यातच गेला आहे.

सुरुवातीला तुलना व्हायची ती नुसत्या डोळ्यांनी. 1975 साली कोलोरॅडो विद्यापीठात पॅट्रिक ओफॅरेल यांनी ई. कोलाय जिवाणूची प्रथिनं जेलमध्ये आधी विद्युतभारानुसार आणि मग आडव्या दिशेनं वजनानुसार पळवली. सुमारे 1100 ठिपके वेगवेगळे उमटले. दोन नमुन्यांच्या फिल्म शेजारीशेजारी धरायच्या आणि कोणता ठिपका नवा, कोणता पुसट, ते शोधायचं. पण दोन जेल कधी तंतोतंत सारखे निघत नाहीत. ठिपका गेलाय की नुसता सरकलाय, हे ठरवणं जिकिरीचं. शिवाय ठिपक्याला नाव नसायचं.

नाव द्यायची सोय मास स्पेक्ट्रोमीटरनं केली. ट्रिप्सिन या विकरानं प्रथिनाचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, करायचे. त्यांचं वजन घ्यायचं, ते आणखी फोडायचे आणि हाती आलेला नकाशा ज्ञात प्रथिनांच्या माहितीसाठ्याशी जुळवायचा. हे जुळवणारा ‘सिक्वेस्ट’ हा प्रोग्रॅम जिमी एंग, अ‍ॅश्ली मॅककॉर्मॅक आणि जॉन येट्स यांनी 1994 मध्ये मांडला. 2001 मध्ये येट्स यांच्या गटानं यीस्टमधली 1484 प्रथिनं ओळखली. ठिपक्यांच्या जागी लांबलचक याद्या आल्या. मग 2002 मध्ये डेव्हिड टॅब, हेज मॅकडॉनल्ड आणि येट्स यांनी ‘डीटीएसिलेक्ट’ या प्रोग्रॅमच्या जोडीला ‘कॉन्ट्रास्ट’ हा प्रोग्रॅम आणला. अनेक नमुन्यांच्या याद्या एका तक्त्यात मांडून कोण कुठे सापडलं, ते दाखवणं हे त्याचं काम. आजच्या तुलनेच्या साधनांचा मूळपुरुष मी यालाच मानतो.

तक्ता तयार झाला आणि खरी अडचण उघडी पडली. एकच नमुना दोनदा चालवला तरी याद्या वेगळ्या यायच्या. पेप्टाइडांचा लोंढा यंत्रातून जात असताना यंत्र त्या क्षणी ठळक दिसणारी मोजकीच निवडून फोडतं. बाकीची तशीच निघून जातात. आमच्या छावणी भागात गुरुवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथे दोघांना तासभर फिरून जाती लिहून आणायला सांगितलं, तर लाल कंधारी दोघांच्याही वहीत येईल, पण एखादी चुकार देवणी एकाच्याच. दुसऱ्याला दिसली नाही, म्हणून ती बाजारात नव्हती असं होत नाही. प्रथिनांच्या तक्त्यातल्या रिकाम्या घराचंही तेच आहे.

रिकाम्या घराइतकंच भरलेलं घरही फसवू शकतं. समजा, दहा नमुन्यांत प्रत्येकी 1000 प्रथिनं सापडली आणि दर यादीत 1 टक्का, म्हणजे 10 नावं चुकीची आहेत. खरी 990 बहुतेक तीच ती असतात. चुकीची योगायोगानं आलेली, म्हणून दर ठिकाणी निराळी. दहाही याद्या एकत्र केल्या की साधारण 1090 नावांत 100 चुकीची. चूक 1 टक्क्यावरून 9 टक्क्यांवर जाते. त्यातही ‘फक्त याच नमुन्यात सापडलेली’ म्हणून ज्या नावांवर आपण हुरळून जातो, चुका नेमक्या तिथेच गोळा होतात.

मानवी प्लाझ्मातल्या प्रथिनांच्या जागतिक प्रकल्पानं हे पुरेपूर अनुभवलं. 2005 मध्ये 35 प्रयोगशाळांचे निष्कर्ष एकत्र केले तेव्हा एका पेप्टाइडाच्या साक्षीवर 9504 प्रथिनं मिळाली. किमान दोन पेप्टाइड हवेत म्हटल्यावर उरली 3020. पुढच्या वर्षी कडक संख्याशास्त्रीय कसोटी लावल्यावर खात्रीची ठरली 889. मला या शास्त्रातला हा सगळ्यात प्रामाणिक आकडा वाटतो.

आणखी एक गुंता नावांचा. बीटा आणि गॅमा अ‍ॅक्टिन या प्रथिनांमध्ये फक्त चार अमिनो आम्लांचा फरक. बहुतेक पेप्टाइड दोघांचीही. एका नमुन्यात ती बीटाच्या नावावर चढली आणि दुसऱ्यात गॅमाच्या, तर नसलेला फरक दिसू लागतो. 2005 मध्ये अ‍ॅलेक्सी नेस्विझस्की आणि रुडी एबरसोल्ड यांनी हा प्रश्न नीट मांडला. त्यामुळे अशा प्रथिनांचा एकच गट धरायची शिस्त पक्की झाली. सगळे नमुने एकत्र तपासून एकच यादी करायची आणि मग त्या यादीतलं प्रत्येक नाव दर नमुन्यात शोधायचं, ही रीतही रुळली. ‘मॅक्सक्वांट’ या प्रोग्रॅममध्ये तर एका नमुन्यात ओळखलेलं पेप्टाइड दुसऱ्यात त्याच वजनाला, त्याच वेळेला दिसतं का, हेही पाहता येतं.

महाराष्ट्रात ही कसरत पवईच्या आयआयटीत संजीवा श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेत झाली. 2012 मध्ये त्यांच्या गटानं फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स मलेरियाच्या रुग्णांचं सीरम निरोग्यांच्या सीरमशी ताडून पाहिलं. त्यात आयट्रॅक पद्धतही वापरली. तिच्यात पेप्टाइडांना नमुन्यागणिक वेगळी खूण लावून सगळी एकत्रच यंत्रात सोडतात, म्हणजे एका रनमध्ये दिसलं आणि दुसऱ्यात हुकलं, असं त्या नमुन्यांपुरतं होत नाही. कोविडच्या काळात कस्तुरबा रुग्णालयातल्या रुग्णांच्या नमुन्यांवर याच प्रयोगशाळेनं काम केलं. तिथे मोठी यादी हा पहिलाच टप्पा होता. त्यातली निवडक प्रथिनं घेऊन त्यांचेच ठरावीक पेप्टाइड मास स्पेक्ट्रोमीटरवर नेमके हेरायचे आणि दर रुग्णात मोजायचे, हा पुढचा.