मूळ पुरुषाचा शोध

‘तुमचे मूळ गाव कोणते?’ असे सोलापूरच्या पद्मशाली भगिनींना विचारले, तर बहुतेकींचे उत्तर ‘तेलंगणात कुठेतरी’ असे असते. माझ्या सासरीही तेच. मूळ पुरुष दुष्काळात बैलगाडीने आले, एवढीच आठवण. पण दुष्काळ कोणता? १८७६-७८ चा की १८९६ चा?

येथे आगगाडी १८६० मध्ये आली, जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली. तेव्हा विणकराला इकडे वळण्यास कारण होते. तेलंगण निजामाचे, सोलापूर इंग्रजांचे. म्हणजे राज्य ओलांडूनच येणे झाले. जहाजाने अमेरिकेत गेलेल्यांच्या याद्या तरी मिळतात. बैलगाडीची यादी कोण ठेवणार?

१८८४ च्या गॅझेटियरात विणकामाची माहिती आहे, पण तिथे आमचे घर कुठून सापडावे! मग मी ‘इंटिपेरू’ धरले. तेलुगूत आडनाव म्हणजे घराचे नाव. पुष्कळदा त्यात गावच दडलेले असते. आमच्या आडनावाचे एक खेडे करीमनगरकडे निघाले. पुढे नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत सासऱ्यांच्या आजोबांची नोंद सापडली. खाली तेच गाव, आणि ‘हल्ली वस्ती सोलापूर’. बाप, भाऊ, मुलगे सर्वांची नावे होती. त्यांच्या पत्नीचे मात्र नव्हते. माग त्यांनी चालविला खरा, पण कांड्या कोणी भरल्या असतील?

नाव अखेर आत्याबाईंकडून कळले. घरातल्या तीन मुलींना तेच ठेवले होते म्हणून त्यांच्या ध्यानात राहिले. वंशावळीत मी ते पतीच्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिले आहे.