नीरस सादरीकरण

पडद्यावरील स्लाइडच्या आधाराने केलेले, पण श्रोत्यांचे लक्ष धरून ठेवू न शकलेले जाहीर निवेदन. विषय रूक्ष असल्यामुळे असे होते, हा समज बहुधा खरा नसतो. दोष मांडणीचा असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचणे. मनातले वाचन बोलण्यापेक्षा वेगवान असल्याने श्रोता आधीच शेवटच्या ओळीवर पोहोचतो आणि वक्त्याची वाट पाहत बसतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत, चित्रासोबत नुसते निवेदन ऐकलेल्यांना विषय अधिक समजला. तेच शब्द पडद्यावरही दाखवल्यावर आकलन घटले. परकी भाषा किंवा अनोळखी संज्ञा असेल, तर मात्र लिहिलेला शब्द उपयोगी पडतो.

दुसरी चूक बुलेट पॉइंटची. 1987 मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी आलेल्या पॉवरपॉइंटने ही सवय जगभर रुजवली. यादीतले सगळे मुद्दे सारख्याच वजनाचे दिसतात आणि ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’ हे विचार जोडणारे शब्द गळून पडतात. याचे गंभीर उदाहरण कोलंबिया अंतराळयानाचे आहे. 16 जानेवारी 2003 च्या उड्डाणात इंधनटाकीवरील फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. या धक्क्याचा धोका तपासून अभियंत्यांनी नासाला दाखवलेल्या एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे वाटत होते. फोमचा अंदाजित आकार 1920 घन इंच, तर पूर्वीच्या चाचणीत वापरलेल्या तुकड्याचा केवळ 3, म्हणजे 640 पटींचा फरक. ही बाब तळाशी बारीक अक्षरांत होती. 1 फेब्रुवारीला परतताना यान तुटून कल्पना चावलांसह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघाताचे कारण स्लाइड नव्हे. पण माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेली तिची चिकित्सा चौकशी मंडळाने आपल्या अहवालात घेतली.

‘मागे दिसत नसेल, तरी’ म्हणत बारीक आकड्यांचा तक्ता दाखवणे, श्रोत्यांकडे पाठ करणे, तयारी नसल्याची कबुली देत सुरुवात करणे, हे दोषही सर्रास आढळतात.

मराठी समारंभात आणखी एक अडचण असते. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ यांत पाऊण तास जातो आणि मुख्य वक्त्याला ‘थोडक्यात आवरा’ अशी चिठ्ठी येते. तो मग मुद्दे कमी करण्याऐवजी सगळ्या स्लाइड भराभर पुढे सरकवतो. चाळीस स्लाइडपैकी पाच निवडून त्यांवर सावकाश बोलणे त्या वेळीही शक्य असते.