चार्ली प्राइड : ‘त्यांच्या’ संगीतावर हक्क सांगणारा गायक

१९८० साली अमेरिकेत आरसीए कंपनीने चार्ली प्राइडचा एक अल्बम बाजारात आणला. नाव होतं ‘देअर्ज अ लिटल बिट ऑफ हँक इन मी’, म्हणजे ‘माझ्यात थोडासा हँक आहे’. हा हँक म्हणजे हँक विल्यम्स. कंट्री संगीताच्या दुनियेत हे नाव आजही कान पकडून घेतलं जातं. अलाबामातला हा गोरा गायक १ जानेवारी १९५३ला, वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी, कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या सीटवर वारला. त्याची गाणी पुढे शेकडो जणांनी गायली. त्यामुळे आणखी एका गायकाने त्याच्या नावाने अल्बम काढला, यात तसं नवल काहीच नव्हतं.

नवल होतं ते गाणाऱ्याच्या रंगाचं. चार्ली प्राइड काळा होता. कंट्री म्हणजे दक्षिणेतल्या गोऱ्या शेतकऱ्या-कामगारांचं संगीत, अशी अमेरिकेची पक्की समजूत होती. त्या संगीताच्या सर्वात लाडक्या गोऱ्या गायकाचा वारसा एक काळा माणूस सांगत होता. लोकांनी तो कसा स्वीकारला आणि संगीताच्या बाजाराने त्याचं काय केलं, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. म्हणून ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

हॉन्की-टॉन्क म्हणजे काय?

१९३३मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली. टेक्सासमध्ये त्याच सुमारास तेलविहिरींचा धंदा जोरात होता. दिवसभर राबून आलेल्या मजुरांसाठी गावाच्या वेशीवर, रस्त्याच्या कडेला दारूचे गुत्ते उभे राहिले. तिथे नाच होई, भांडणं होत, नाणं टाकलं की वाजणारी ज्यूकबॉक्सची पेटी असे. अशा गुत्त्यांना हॉन्की-टॉन्क म्हणत. त्या कोलाहलात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून इलेक्ट्रिक गिटार आली, स्टील गिटार आली, ठेका ठळक झाला. गाण्यांचे विषयही बदलले. आई, माती, चर्च यांच्या जागी दारू, बेवफाई, मोडलेला संसार आणि शहरातलं एकटेपण आलं. अर्नेस्ट टबने १९४१मध्ये या शैलीला देशभर नेलं आणि हँक विल्यम्सने तिला शिखरावर पोहोचवलं.

हे सगळं ‘गोरं’ संगीत होतं का? कंट्रीतला बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांतून घडला. स्टील गिटार हवाई बेटांवरून आली. या संगीताचा जनक मानला गेलेला जिमी रॉजर्स मिसिसिपीत रेल्वेवर काम करायचा आणि तिथल्या काळ्या मजुरांचं गाणं त्याच्या कानावर होतं. १९३०मध्ये त्याने लुई आर्मस्ट्राँगला सोबत घेऊन ध्वनिमुद्रणही केलं.

वेगळेपणाची भिंत बाजाराने बांधली. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन याद्या केल्या. काळ्या कलावंतांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’, तर ग्रामीण गोऱ्यांच्या ‘हिलबिली’. एकाच गावातले, कधी एकच गाणं गाणारे दोन कलावंत अशा रीतीने दोन वेगळ्या कप्प्यांत गेले. १९४९मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने नावं बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ आणि ‘कंट्री अँड वेस्टर्न’ केली. पाटी बदलली, कप्पे तसेच राहिले. पुढच्या पिढीला वाटू लागलं की हे कप्पे निसर्गानेच केले आहेत.

हँकचा उस्ताद

खुद्द हँक विल्यम्स कुणाकडे शिकला? अलाबामातल्या ग्रीनव्हिलच्या रस्त्यांवर गिटार वाजवून पोट भरणाऱ्या रूफस पेन या काळ्या वादकाकडे. लोक त्याला ‘टी-टॉट’ म्हणत. पोरगेला हँक त्याच्या मागे मागे फिरे. या शिकवणीच्या बदल्यात हँकची आई पेनला जेवू घाली, असं सांगितलं जातं. हँकने ही गोष्ट कधी लपवली नाही. पेन १९३९मध्ये मॉन्टगोमेरीत वारला. त्याच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. म्हणजे गुरू इतिहासातून पुसला गेला, शिष्य अजरामर झाला. पुढे त्या शिष्याचं संगीत गाताना एका काळ्या गायकाला विचारलं गेलं की, तू ‘त्यांचं’ संगीत का गातोस?

कापसाच्या शेतातून

चार्ली प्राइडचा जन्म १८ मार्च १९३४चा, मिसिसिपीतल्या स्लेज गावचा. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचा. घरात अकरा भावंडं आणि सगळ्यांच्या वाट्याला कापूस वेचणं. बापाला शनिवारी रात्री रेडिओवर नॅशव्हिलहून येणारा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम ऐकायचा नाद होता. पोराच्या कानावर त्यामुळे लहानपणापासून कंट्रीच पडलं. चौदाव्या वर्षी त्याने गिटार विकत घेतली आणि रेडिओवर ऐकून ऐकून शिकला. ‘त्यांचं संगीत’ हा प्रश्न त्याला घरातूनही ऐकावा लागला. एका बहिणीनेच तो विचारला होता. हे माझंही संगीत आहे, असं प्राइडचं त्यावर म्हणणं होतं.

खरं तर त्याला बेसबॉलपटू व्हायचं होतं. काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये तो मेम्फिस रेड सॉक्सकडून खेळला. लष्करात जाऊन आला. पुढे मोंटाना राज्यात ईस्ट हेलेनाच्या धातू वितळवण्याच्या कारखान्यात नोकरी केली. कारखान्याच्या संघाकडून तो खेळायचा आणि सामन्याआधी गायचा. गाण्याचे १० डॉलर वेगळे मिळत. तिथेच रेड सोव्हाइन आणि रेड फोली या गायकांनी त्याला ऐकलं आणि नॅशव्हिलला यायला सांगितलं.

आवाज आधी, चेहरा नंतर

१९६५मध्ये चेट अ‍ॅटकिन्सने त्याला आरसीएमध्ये करारबद्ध केलं. जानेवारी १९६६मध्ये पहिली तबकडी आली, ‘द स्नेक्स क्रॉल अ‍ॅट नाइट’. रेडिओ केंद्रांना नव्या गायकाचा फोटो पाठवायची पद्धत होती. प्राइडच्या वेळी फोटो पाठवला गेला नाही. तेव्हा नागरी हक्कांचा लढा ऐन भरात होता. वेगळेपणाचे कायदे रद्द होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. दक्षिणेतले रेडिओवाले फोटो बघून तबकडी कचऱ्यात टाकतील, ही भीती निराधार नव्हती.

त्याच वर्षाच्या अखेरीस डेट्रॉइटला सुमारे दहा हजार श्रोत्यांसमोर त्याचा कार्यक्रम झाला. नाव पुकारताच टाळ्यांचा कडकडाट झाला. तो मंचावर आला तशा टाळ्या विरत गेल्या आणि सन्नाटा पसरला. प्राइडने स्वतःच्या ‘कायमच्या उन्हाने रापलेल्या’ कातडीवर विनोद केला. लोक हसले आणि तो गायला लागला. कार्यक्रम संपला तेव्हा श्रोते त्याला सोडायला तयार नव्हते. पुढे बरीच वर्षं हाच विनोद त्याला करावा लागला. दहा हजार माणसांचं अवघडलेपण दूर करायची जबाबदारी एकट्या माणसावर होती, तीही गाण्याचा पहिला सूर लावण्याआधी.

जानेवारी १९६७मध्ये तो ऑप्रीच्या मंचावर उभा राहिला. ओळख करून दिली खुद्द अर्नेस्ट टबने. प्राइडने तिथे हँक विल्यम्सचं गाणं गायलं. १९८०च्या अल्बमचं बीज तिथे सापडतं.

त्या मंचावरचा तो पहिला काळा कलावंत मात्र नव्हता. डिफोर्ड बेली हा काळा माउथ ऑर्गनवादक १९२०च्या दशकापासून ऑप्रीचा लाडका होता. १९२७मध्ये बेलीच्या वादनानंतरच निवेदकाने ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव पहिल्यांदा उच्चारलं, असं सांगतात. दौऱ्यावर सहकलाकारांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. ज्याच्या वादनातून कार्यक्रमाला नाव मिळालं, त्याने पुढे नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवलं.

अल्बमचं स्वागत

प्राइडला यश भरभरून मिळालं. १९६९मध्ये त्याचं पहिलं गाणं कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७१मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम कलाकाराचा पुरस्कार त्याला मिळाला. तो मिळवणारा तो पहिला काळा गायक. सर्वोत्तम गायकाचा पुरस्कार १९७१ आणि १९७२ असा लागोपाठ मिळाला. १९७६मध्ये तो उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला गेला. आदल्याच वर्षी मायामी शोबँडच्या तिघांची हत्या झाली होती आणि बाहेरचे कलावंत तिथे यायला धजावत नव्हते. त्याच्या कार्यक्रमाला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट श्रोते एकत्र बसले. बेलफास्ट ती रात्र अजून विसरलेलं नाही.

अशा उंचीवर असताना त्याने हँकच्या गाण्यांचा अल्बम केला. काळ मोठा गमतीचा होता. १९८०च्याच उन्हाळ्यात ‘अर्बन काउबॉय’ हा सिनेमा आला आणि शहरी मंडळी काउबॉय टोप्या घालून यांत्रिक बैलावर बसू लागली. हॉन्की-टॉन्क ही फॅशन झाली. प्राइडचा अल्बम त्या लाटेच्या आधी आला होता. त्याच्या आवाजात हँकची चिरफाळलेली वेदना नाही. त्याचा आवाज जाड, मऊ आणि ठाम आहे. हँक गातो तेव्हा माणूस बुडताना दिसतो, प्राइड गातो तेव्हा बुडून वर आलेला माणूस आठवण सांगतो.

श्रोत्यांनी हा अल्बम उचलून धरला. तो कंट्री अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्यातलं ‘हॉन्की टॉन्क ब्लूज’ पहिलं आलं, पाठोपाठ ‘यू विन अगेन’ही पहिलं आलं. गंमत अशी की, ‘हॉन्की टॉन्क ब्लूज’ १९५२मध्ये हँकच्या आवाजात दुसऱ्या क्रमांकावर अडलं होतं, ‘यू विन अगेन’ही तेव्हा पहिलं आलं नव्हतं. हँकची दोन गाणी शिखरावर नेली ती एका काळ्या गायकाने. ज्या श्रोत्यांना काळा चेहरा चालणार नाही म्हणून चौदा वर्षांपूर्वी फोटो दडवला होता, त्यांनीच त्याला हँकचा वारस मानलं.

एकच खुर्ची

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण अर्धीच राहील. प्राइडच्या काळातच लिंडा मार्टेल ही काळी गायिका आली. १९६९मध्ये ती ऑप्रीवर गायली, १९७०मध्ये तिचा ‘कलर मी कंट्री’ अल्बम आला. तिच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव होतं ‘प्लांटेशन’, म्हणजे गुलामांना राबवलं जाई तो मळा. कार्यक्रमांत तिला शिव्या ऐकाव्या लागल्या. दुसरा अल्बम आलाच नाही आणि तिची कारकीर्द तिथेच थांबली.

चार्ली प्राइडचं शेवटचं पहिल्या क्रमांकाचं गाणं १९८३चं. त्यानंतर काळ्या एकल गायकाचं गाणं कंट्री यादीत पहिलं यायला २००८ उजाडलं, ते डॅरियस रकरचं. मध्ये २५ वर्षं गेली. श्रोते तयार होते, हे प्राइडने २९ वेळा पहिला क्रमांक मिळवून सिद्ध केलं होतं. दार उघडलं असतं तर त्याच्यामागून माणसं आत आली असती. बाजाराने दार उघडलं नाही, फक्त एक खुर्ची आत घेतली. पुढे कुणी भेदभावाबद्दल बोललं की त्या खुर्चीकडे बोट दाखवणं सोपं झालं.

प्राइडवर टीका झाली की, तो नागरी हक्कांबद्दल मोठ्याने बोलला नाही. तो स्वतःला काळा गायक म्हणवून घेत नसे, अमेरिकन म्हणवून घेई. ही टीका अगदीच चुकीची म्हणता येत नाही. पण गप्प राहण्याची ही अट कुणी घातली होती, हेही विचारायला हवं. ज्या माणसाला आधी विनोद करून मग गावं लागत होतं, त्याने मंचावरून भाषण केलं असतं तर दुसरा कार्यक्रम मिळाला असता का? मला वाटतं, जे बोलायचं ते त्याने अल्बमच्या नावातच बोलून टाकलं. ‘माझ्यात थोडासा हँक आहे’ हे वाक्य विनम्र वाटतं, पण वारसा रक्ताने किंवा रंगाने मिळत नाही, ऐकून आणि रियाजाने मिळतो, हा दावा त्यात आहे. टी-टॉटकडून हँककडे गेलेली विद्या चार दशकांनी पुन्हा एका काळ्या गळ्यात आली, एवढंच झालं होतं.

नोव्हेंबर २०२०मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने प्राइडला जीवनगौरव दिला. महिनाभरात, १२ डिसेंबरला, कोविडने त्याचा मृत्यू झाला. वय ८६. त्याला निरोप देताना सगळ्यांनी तो पहिला होता, हेच सांगितलं. पण बेली त्याच्या आधी त्या मंचावर होता आणि पेन तर हँकच्याही आधी होता. रूफस पेनला मॉन्टगोमेरीच्या लिंकन दफनभूमीत पुरलं, तेव्हा कबरीवर नावाचा दगडही बसवला नव्हता. तिथे स्मृतिशिला नंतर उभारली गेली, पण नेमकी कबर कुठली हे आज कुणालाच सांगता येत नाही.