संशयास्पद व्यवहार अहवालांची गोपनीयता

एखाद्या ग्राहकाचा व्यवहार गुन्ह्याशी निगडित असावा, असा संशय आल्यास वित्तसंस्थेने शासनाकडे गुप्तपणे पाठवावयाच्या निवेदनास संशयास्पद व्यवहार अहवाल म्हणतात. असा अहवाल गेला आहे हे संबंधित व्यक्तीस कळता कामा नये, हा या पद्धतीचा मुख्य दंडक होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो कायद्याने व न्यायनिर्णयांनी कसा घडत गेला, हे विशेष उद्‌बोधक आहे.

तेथील १९७० च्या बँक गोपनीयता अधिनियमाचे नाव काहीसे फसवे आहे. या अधिनियमाने व त्याखालील नियमांनी बँकांवर नोंदी ठेवण्याचे आणि १०,००० डॉलरांहून मोठे रोख व्यवहार शासनास कळविण्याचे बंधन घातले. पुढे मिलर खटल्यात (१९७६) सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की बँकेतील नोंदी बँकेच्या असल्याने त्यांबाबत ग्राहकास संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीचे संरक्षण मागता येत नाही. १९७८ च्या अधिनियमाने ग्राहकाची बाजू काही अंशी सावरली. तथापि निर्णायक पाऊल १९९२ च्या अनन्झिओ-वायली अधिनियमाने टाकले. त्याने संशयास्पद व्यवहार कळविणे सक्तीचे करण्याचा अधिकार अर्थखात्यास दिला, ग्राहकास सुगावा लागू देण्यास मनाई केली आणि कळविणाऱ्या संस्थेस दिवाणी दाव्यांपासून अभय दिले. अहवालाचा समान नमुना एप्रिल १९९६ पासून लागू झाला.

संशयित सावध होऊन पैसा हलवील, ही भीती या मनाईच्या मुळाशी आहे. अहवाल लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याची सुरक्षितता आणि निर्दोष ग्राहकाची अब्रू हीही तिची कारणे होत. न्यायालयाने अहवाल मागविला, तरी बँकेने तो देण्यास नकार देऊन ‘फिनसेन’ या अर्थखात्याच्या कार्यालयास (स्थापना १९९०) कळवावे लागते. मूळ व्यवहाराची कागदपत्रे मात्र गोपनीय ठरत नाहीत. २०१० च्या अखेरीस प्रसृत झालेल्या नियमान्वये अहवालाचे अस्तित्व उघड करणारी कोणतीही माहिती गोपनीय ठरली. ‘अहवाल पाठविलेला नाही’ असे सांगणेही वर्ज्य मानले जाते; कारण एका प्रसंगी नकार दिला, तर दुसऱ्या प्रसंगीचे मौन बोलके ठरेल.

या काटेकोरपणाची झळ कोणास लागते, हे एका माजी अधिकाऱ्याने बँकर्स ट्रस्ट या बँकेविरुद्ध केलेल्या दाव्यात दिसले. अहवालामुळे आपली बदनामी झाली, असे त्याचे म्हणणे होते. परंतु अहवाल पाठविला होता की नाही, हेच बँकेस सांगता येत नसल्याचे अपील न्यायालयाने १९९९ मध्ये नमूद केले आणि कायद्यातील अभयास सद्‌हेतूची अटही नाही, असे ठरविले. (अन्य एका अपील न्यायालयाने याहून संकुचित अर्थ लावला आहे.) स्वतःविषयी काय लिहिले गेले, हे जाणण्याचा मार्ग ग्राहकास जवळजवळ उरत नाही.

गोपनीयतेच्या आड बँकाही लपू शकतात. ‘फिनसेन’मधून बाहेर पडलेले २,१०० हून अधिक अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये शोधपत्रकारांनी जगापुढे मांडले. त्यांत नमूद व्यवहारांची रक्कम २ लाख कोटी डॉलरांहून अधिक होती. संशय नोंदवूनही काही मोठ्या बँकांनी तेच व्यवहार चालू ठेवल्याचे त्यांतून दिसले. हे अहवाल एका वृत्तसंस्थेस पुरविणाऱ्या वरिष्ठ अधिकारी महिलेस जून २०२१ मध्ये सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.