महाविद्यालयात शिकवायला शिकवतो कोण?

शाळेत शिकवायचे तर डी.एड. (आताचे डी.एल.एड.) किंवा बी.एड. करावे लागते. पाठाचे टाचण काढावे लागते, सराव पाठ द्यावे लागतात, मागच्या बाकावर बसलेले मार्गदर्शक वहीत शेरे लिहितात. त्याच शाळेतला विद्यार्थी बारावी होऊन महाविद्यालयात गेला, की त्याला शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडे एम.एस्सी. असते, नेट, सेट किंवा पीएच.डी. असते, पण शिकवण्याचे शिक्षण त्याच्याकडे असलेच पाहिजे अशी नेमणुकीची अट नसते. विषय आला म्हणजे शिकवता आलेच, असे येथे गृहीत धरले जाते. हे गृहीतक आले कोठून, ते केव्हा डळमळीत झाले आणि त्यावर काय उपाय झाले, हे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून पाहू या.

गृहीतकाचा उगम

आधुनिक विद्यापीठाची कल्पना १८१० साली स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाकडे नेली जाते. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या मते जो ज्ञान निर्माण करतो तोच ते उत्तम देऊ शकतो. तेव्हा विद्यार्थी मोजके, निवडक आणि घरातून वाचनाचे संस्कार घेऊन आलेले असत. शिक्षक कसाही बोलला तरी ते आपले आपण शिकत. आपल्याकडे १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारी. शिकवणे हे संलग्न महाविद्यालयांचे काम होते. ते कसे चालते, हे फक्त निकालावरून कळे.

मराठवाड्याची वाट वेगळी होती. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. विज्ञान आणि वैद्यकासह सर्व विषय उर्दूतून शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्यासाठी खास भाषांतर विभागही उभारला होता. परंतु उस्मानाबादच्या मराठी मुलाला त्यासाठी आधी माध्यमिक शाळेत परकी भाषा आत्मसात करावी लागे, आणि पदवीसाठी हैदराबाद किंवा संस्थानाबाहेरचे सोलापूर, पुणे गाठावे लागे. महाविद्यालयाची पायरी चढणारे म्हणूनच फार थोडे.

१९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. यानंतरच्या दशकांत उस्मानाबाद, उमरगा, कळंब, तुळजापूर अशा गावांतून महाविद्यालये उभी राहिली. शेतकऱ्याची, शेतमजुराची मुले आणि मुली घरातले पहिले पदवीधर होऊ लागले. शाळेत मराठीतून विज्ञान शिकून आलेल्या या मुलांपुढे अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक येऊन पडे. आपले आपण शिकून घेणारा हुम्बोल्टच्या कल्पनेतला विद्यार्थी या वर्गात बसलेला नव्हता. विद्यार्थी बदलला, पण शिकवण्याची रीत तीच राहिली.

उन्हाळी वर्ग ते स्टाफ कॉलेज

दरम्यान जगात एक घटना घडली होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत विज्ञानशिक्षणाकडे एकदम लक्ष गेले. भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्राचे नवे अभ्यासक्रम तयार झाले आणि ते शिक्षकांपर्यंत नेण्यासाठी सुट्टीतले वर्ग जोरात सुरू झाले. ही लाट १९६३ पासून भारतात आली. विद्यापीठ अनुदान आयोग, एनसीईआरटी आणि अमेरिकन मदत यांतून शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरू लागले. प्राध्यापक पुन्हा बाकावर बसून शिकतात, हे चित्र आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर प्रथम दिसले ते येथे.

त्याच सुमारास डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग (१९६४–६६) बसला. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. नव्या अधिव्याख्यात्यांसाठी सत्राच्या आरंभी काही आठवड्यांचे उद्बोधन वर्ग घ्यावेत, मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमची ‘स्टाफ कॉलेजे’ काढावीत, असे या आयोगाने सुचवले. ही सूचना अमलात यायला वीस वर्षे लागली.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. आरंभी ४८ मंजूर झाली, पुढे संख्या ६६ पर्यंत गेली. पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती यांच्याप्रमाणे औरंगाबादच्या विद्यापीठातही ती सोय झाली. वर्ग दोन प्रकारचे होते. उद्बोधन वर्ग साधारण चार आठवड्यांचा. त्यात समाज, शिक्षणाचे तत्त्वज्ञान, अध्यापनपद्धती, व्यवस्थापन हे विषय. उजळणी वर्ग साधारण तीन आठवड्यांचा आणि एकेका विषयातल्या नव्या ज्ञानासाठी.

उजळणी वर्गाची गरज किती खरी होती, याचे उदाहरण याच जिल्ह्याच्या जमिनीत आहे. ‘दख्खनचे पठार प्राचीन आणि स्थिर, येथे मोठे भूकंप होत नाहीत,’ असे भूगोलात पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यात आणि उस्मानाबादच्या उमरगा-लोहारा भागात, सास्तूरसारख्या गावांत, हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. २००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला. वीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या शिक्षकाने आपल्या जुन्या टिपणांवरूनच शिकवत राहावे काय? या प्रश्नाचे उत्तर येथे वेगळे देण्याची गरज नाही.

स्टाफ कॉलेजांनी आणखी एक गोष्ट साधली. परंड्याचा किंवा कळंबचा प्राध्यापक आपल्या विभागात अनेकदा एकटा किंवा दुकटा असतो. या वर्गांत त्याला आपल्या विषयातली तीस-चाळीस माणसे एकत्र भेटली, ग्रंथालय मिळाले, संशोधनाच्या ओळखी झाल्या. हे मोल कमी नव्हे.

पण दोन अडचणीही होत्या. पहिली अंतराची. धाराशिवपासून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुमारे अडीचशे किलोमीटर, उमरग्याहून त्याहूनही दूर. १९९४ साली नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले तेव्हा शेजारचा लातूर जिल्हा तिकडे गेला, उस्मानाबाद मात्र औरंगाबादकडेच राहिला. महिनाभर घर सोडून राहणे, विशेषतः शिक्षिकांना, सोपे नव्हते. दुसरी अडचण हेतूची. वरच्या वेतनश्रेणीसाठी ठरावीक संख्येने वर्ग पूर्ण करणे आवश्यक ठरले. त्यामुळे उपस्थिती वाढली, पण प्रमाणपत्र मिळाले की काम संपले, अशी समजूतही वाढली. परत गेल्यावर वर्गात काय बदलले, हे पाहायला कोणी जात नव्हते.

मोजल्यावर काय दिसले?

बदल झाला की नाही, हे ठरवायचे कसे? एक साधा प्रश्न घ्या. दगड सरळ वर फेकला. हातातून सुटून तो वर जात असताना (हवेचा विरोध सोडून दिला तर) त्याच्यावर कोणते बल कार्य करते? न्यूटनचे तिन्ही नियम घडाघड म्हणणारी मुलेही येथे ‘हाताने दिलेले बल’ असे उत्तर देतात. बरोबर उत्तर आहे फक्त गुरुत्वबल. गती आहे म्हणजे त्या दिशेने बल असलेच पाहिजे, ही रोजच्या अनुभवातून पक्की झालेली समजूत सूत्रे पाठ करून जात नाही.

अशा प्रश्नांची एक चाचणी डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध केली. ती वापरून रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांची आकडेवारी मांडली. त्यांनी विचारले, की शिकण्याआधी जेवढे गुण मिळवायचे शिल्लक होते, त्यांतले शिकल्यानंतर किती मिळाले? नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी ०.२३ आले. विद्यार्थी विचार करतात, शेजाऱ्याशी चर्चा करतात आणि लगेच आपले उत्तर तपासून घेतात, अशा वर्गांत ते ०.४८ आले. म्हणजे आधी १०० पैकी ४० गुण मिळवणारा वर्ग पहिल्या रीतीने सुमारे ५४ वर आणि दुसऱ्या रीतीने सुमारे ६९ वर पोचला. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित व अभियांत्रिकीतील २२५ अभ्यास एकत्र तपासले. नापास होणाऱ्यांचे प्रमाण व्याख्यानांच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना कृतिशील ठेवणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के होते. शंभरात बारा मुलांचा हा फरक आहे. घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात गेले असेल, तर त्या बारांत असणे-नसणे यावर त्या घराची पुढची वाट ठरते.

मग प्राध्यापकांना ही रीत कार्यशाळेत शिकवली की काम झाले? येथेच इतिहासाला कलाटणी मिळते. अमेरिकेत जीवशास्त्राच्या प्राध्यापकांच्या अशाच कार्यशाळांचा अभ्यास डायान एबर्ट-मे आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. कार्यशाळेनंतर ‘आम्ही शिकवण्याची पद्धत बदलली’ असे ८९ टक्के प्राध्यापकांनी लिहून दिले. मग त्यांच्या तासांची चित्रफीत पाहिली गेली. त्यांतले ७५ टक्के अजूनही व्याख्यानच देत होते. ते खोटे बोलत होते असे नव्हे. एखादा प्रश्न मध्ये विचारला की आपण बदललो, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. २०१२ साली चार्ल्स हेंडरसन व सहकाऱ्यांनी भौतिकीच्या ७२२ प्राध्यापकांची पाहणी प्रसिद्ध केली. नवी पद्धत वापरून पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांनी ती पुढे सोडून दिली होती.

याची कारणे कोणत्याही शिक्षकाला ओळखीची वाटतील. अभ्यासक्रम पुरा होण्याची घाई, मुलांची शांतता, पहिला प्रयोग फसल्यावर विचारायला जवळ कोणी नसणे. याउलट, ज्या कार्यक्रमात शिकणाऱ्यांनी स्वतःचा पूर्ण अभ्यासक्रम आखला, तो शिकवला आणि त्या काळात त्यांना मार्गदर्शन मिळत राहिले, तेथे बदल वर्गात दिसला. हेही एबर्ट-मे यांच्याच गटाने २०१५ साली दाखवून दिले.

वर्गखोलीच्या जवळ

२०१५ साली स्टाफ कॉलेजांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले. २०२३ साली मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात ती सामावली गेली. आता बरेच वर्ग संगणकावरून होतात, त्यामुळे उमरग्याच्या शिक्षिकेला घर सोडावे लागत नाही. अडीचशे किलोमीटरचे अंतर मिटले हे चांगलेच झाले. पण कार्यशाळा आणि वर्गखोली यांच्यातले अंतर पडद्याने मिटत नाही. प्रमाणपत्र छापील असो वा संगणकावरचे, मुलांना दगडाचा प्रश्न सुटतो का, हे ते सांगत नाही.

या बाबतीत महाविद्यालयांनी शाळांकडून शिकावे असे मला वाटते. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात केंद्रशाळांची योजना आली. आसपासच्या दहा-बारा शाळांचे शिक्षक केंद्र संमेलनात जमतात, कोणीतरी आदर्श पाठ घेतो, बाकीचे तो पाहून बोलतात. या संमेलनांत कधी कधी परिपत्रकांचेच वाचन होते, हे वाचकांना माहीत आहे. तरीही सहकाऱ्याचा पाठ प्रत्यक्ष पाहावा आणि त्यावर मोकळेपणाने बोलावे, ही रीत त्यांत आहे. महाविद्यालयात मात्र एका प्राध्यापकाच्या तासाला दुसरा प्राध्यापक जाऊन बसला, तर तो अविश्वास समजला जातो.

धाराशिवला विद्यापीठाचे उपकेंद्र २००४ पासून आहे. तालुक्यातली दोन-तीन महाविद्यालये, त्यांत एकाच विषयाचे चार-पाच प्राध्यापक आणि महिन्यातून एक शनिवार, एवढ्यावर आरंभ करता येईल. एक संकल्पना निवडावी. शिकवण्याआधी पाच प्रश्न विचारून उत्तरे मोजावीत. एकाने शिकवावे, दुसऱ्याने मागे बसून फक्त एवढेच टिपावे, की पन्नास मिनिटांत मुले किती वेळ बोलली आणि शिक्षक किती वेळ. शिकवून झाल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारून फरक काढावा. यासाठी अनुदान नको, यंत्र नको, हात वर करून मत घेता येते. कनिष्ठ महाविद्यालयाच्या आणि शाळेच्या विज्ञानशिक्षकांनाही तेथे बोलवावे, कारण तीच मुले त्यांच्या हातून पुढे आलेली असतात आणि ती कोठे अडतात हे त्यांना आधी कळलेले असते.

विज्ञानात एखाद्या उपायाने गुण आला की नाही, हे उपाय करणाऱ्याच्या समाधानावरून ठरवत नाहीत, मोजून ठरवतात. अध्यापनालाही हाच नियम लावला पाहिजे. पुढच्या सत्रात गतीचे नियम शिकवण्याआधी वर्गाला तो वर फेकलेल्या दगडाचा प्रश्न विचारा आणि उत्तरे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. प्रकरण संपल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारा आणि दोन्ही आकडे शेजारच्या शिक्षकाला दाखवा.